आठ वाजून दहा मिनिटं

फडके हौदाच्या अलीकडे, डाव्या हाताला
डांबरात मी एक खिळा ठोकला होता,
तीन इंची, डोक्याला शेंदरी ऑइलपेंट.
सत्याऐंशी साल. पालिकेचं कंत्राट:
रस्तारुंदीत जाणाऱ्या दर्शनी भिंतींचे फोटो,
प्रतीमागे अकरा रुपये, निगेटिव्ह आपल्याकडे.

रुंदी झाली नाही. फाइल कुठेतरी बसली.
माझा ट्रायपॉड मात्र उभाच राहिला,
दर डिसेंबरात, दुसऱ्या रविवारी,
आठ वाजून दहा मिनिटांनी,
त्याच खिळ्यावर ओळंबा धरून.
घरचे विचारायचे, का?
मी म्हणायची, सवय.

पहिल्या फोटोत दुकानाला चार पायऱ्या आहेत,
घडीव काळा दगड, मधोमध झिजलेला,
आणि तिसऱ्या पायरीवर जुझरभाई,
तराजू दुरुस्त करणारे,
पाय ऐसपैस सोडून.
"फोटो काढताय की मोजणी?"
"दोन्ही."
"मग वजन माझ्याकडे."

ब्याण्णव: तीन पायऱ्या आणि वर दोन बोटं.
सत्त्याण्णव: तीन.
खिळा डांबराखाली गेला, मी विजेच्या खांबापासून
सात पावलं मोजायला लागले.
दोन हजार चार: दोन. खांबही हलवला.
मग मी कुठे उभं राहायचं
हे एकट्या जुझरभाईंना ठाऊक.
बसल्या जागेवरून हात करायचे,
इथे. थोडं मागे. अजून. हां.

वरचं बदललेलं सगळ्यांना दिसतं.
नक्षीच्या सज्ज्यावर फ्लेक्स,
फ्लेक्सवर कुणाचा वाढदिवस,
त्या वाढदिवसावर दुसऱ्याचा वाढदिवस,
कौलांच्या जागी निळे पत्रे.
खालचं कुणी बघत नाही.
दर निवडणुकीआधी रस्ता चार बोटं वर यायचा
आणि जुझरभाईंचे गुडघे
हनुवटीच्या जवळ.
मला वाटायचं, म्हातारे होतायत.
तेही होतंच.

ऊनसुद्धा हललं.
पूर्वेला सात मजले चढले,
पश्चिमेला बँकेनं काच लावली,
आता इथे सकाळ मावळतीकडून येते.
फोटो शेजारी शेजारी ठेवले की लोक म्हणतात,
हा संध्याकाळचा ना?

मागच्या वर्षी फोन आला, कोंढव्याहून.
"मी सकीना. जुझर काटेवाल्यांची मुलगी.
बावाजी गेले. तुमच्याकडे फोटो असेल ना एखादा?"
मी म्हटलं, भरपूर.

रात्री सगळ्या निगेटिव्ह काचेवर मांडल्या.
इमारतीसाठी मी भिंगाचं छिद्र बारीक ठेवायची,
शटर दोन सेकंद उघडं.
दोन सेकंदांत भिंत हलत नाही.
शटरची कडी, पाटीवरचा उडालेला काना,
चौकटीतला एकेक खिळा स्वच्छ,
आणि माणसाच्या तोंडाजागी वाफ.
एकात टेम्पो आडवा. एकात मान वळवलेली.
नऊ फोटोंत तर ते मलाच हात करतायत,
थोडं मागे, अजून,
आणि हात धुरासारखा.

पाय तेवढे थांबलेले होते.
सत्याऐंशीचे, कातडी चपलेतले,
उजव्या अंगठ्याचं नख काळं.
तेच मोठे करून दिले, बारा बाय पंधरा,
आणि देताना मला लाज वाटली.

तिनं बराच वेळ बघितलं.
मग नखावर बोट ठेवलं.
"पाच किलोचं माप पडलं होतं.
माझ्या हातून."

या डिसेंबरात पाइपलाइनसाठी गल्ली उकरली.
चराच्या कडेला डांबराचे थर,
बाकरवडी कापल्यासारखे,
आणि त्यांच्या तळाशी, ओल्या, काळ्या,
त्या पायऱ्या. मी वाकून मोजल्या.
चारही होत्या.
खिळा दिसला नाही.

कामावरचा मुलगा ओरडला,
बाई, मागे सरका.

किती, मी विचारलं.